साळुंकीचं सासर, साळुंकीचं माहेर

ऑस्ट्रेलियात आपल्या देशाचं नाव लावून फिरणारा एक पक्षी आहे. इंडियन मायना. म्हणजे आपली साळुंकी. तपकिरी अंग, पिवळी चोच, डोळ्याभोवती पिवळा डाग, उडताना पंखात उघडणारा पांढरा पट्टा आणि चालण्यात घरमालकाचा रुबाब. २००५ साली तिथल्या एबीसी या सार्वजनिक वाहिनीने लोकांचा कौल घेतला होता : देशातला सगळ्यात मोठा उपद्रवी जीव कोणता? विषारी केन टोड शर्यतीत होता, रानमांजरं होती. पहिला नंबर साळुंकीला मिळाला.

सिडनीत राहायला आल्यावर पहिल्या महिन्यातच मला ही माहिती एका शेजाऱ्याने पुरवली. बिचाऱ्याचा हेतू गप्पा मारण्याचा होता. "तुमच्याकडचाच पक्षी आहे तो," असंही तो म्हणाला. मी हसून मान हलवली. पण तेव्हापासून हा पक्षी इथे आला कसा, आणला कोणी आणि त्याच्या नावात 'इंडियन' चिकटून का राहिलं, हे प्रश्न डोक्यात होते. ते नीट सुटायला सुरुवात झाली ती मागच्या सप्टेंबरात, केपर्टी व्हॅलीत घालवलेल्या एका शनिवार-रविवारी.

केपर्टी सिडनीच्या वायव्येला, गाडीने साधारण तीन तासांवर आहे. ब्लू माउंटन्स ओलांडायचे, लिथगो हे कोळशाचं गाव मागे टाकायचं, मग कॅसलरे हायवेने वर जायचं. केपर्टी गाव येण्याआधी पिअर्सन्स लुकआउट लागतो. तिथे उतरलात की समोर अचानक जमीन संपते आणि खाली प्रचंड रुंद खोरं दिसतं, चारी बाजूंनी वाळूच्या दगडाचे पिवळे-केशरी कडे, मधोमध पँटनीज क्राउन नावाचा सुटा डोंगर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला कड्यांचं अप्रूप नसतं, पण इथे कडे दूर आहेत आणि मधली जमीन सपाट, गवताळ, विरळ झाडांची. पक्षी बघणाऱ्यांमध्ये हे खोरं जगभर प्रसिद्ध आहे.

आम्ही सहा जण होतो. मी, माझी मैत्रीण, तिची अकरा वर्षांची लेक, सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेले मैत्रिणीचे बाबा (माझे काका), ऑफिसातला एक सहकारी आणि आमची म्होरकी. म्होरकी म्हणजे सत्तरीतली एक निवृत्त शिक्षिका. गेली पंचवीस-तीस वर्षं ती या खोऱ्यात येते, पक्षी मोजते, झाडं लावते. ग्लेन डेव्हिसच्या मैदानावर तंबू ठोकायचे, पहाटे निघायचं आणि शोधायचं ते मुख्यतः एकाच पक्ष्याला, रीजंट हनीईटरला. काळ्या अंगावर सोनेरी नक्षी असलेला हा पक्षी. त्याच्या शास्त्रीय नावातला 'फ्रिजिया' हा शब्द प्राचीन फ्रिजियातल्या जरतारी भरतकामावरून आलाय. काकांना फोटो दाखवला तर म्हणाले, "पैठणीचा काठ आहे की हा." जंगलात आता हे पक्षी साधारण तीनशे उरलेत. तीनशे म्हणजे एका लग्नाच्या पंगतीइतके, आणि तेही क्वीन्सलँडच्या सीमेपासून व्हिक्टोरियापर्यंत विखुरलेले.

शनिवारी सकाळी वाटेतल्या पेट्रोल पंपावर दोन साळुंक्या कचऱ्याच्या डब्यावर बसल्या होत्या. म्होरकीने सवयीने वही काढली. "इंडियन मा..." म्हणाली आणि थांबली. आमच्याकडे बघून म्हणाली, "सॉरी. कॉमन मायना." अधिकृत नाव आता तेच आहे. काका मराठीत म्हणाले, "सॉरी कशाला म्हणायचं त्यात? आमचीच आहे ती."

आता इतिहास.

१८६१ साली मेलबर्नमध्ये ॲक्लायमटायझेशन सोसायटी ऑफ व्हिक्टोरिया स्थापन झाली. नाव जड आहे, काम सोपं होतं : जगभरातले उपयोगी आणि देखणे प्राणी-पक्षी-मासे आणायचे आणि या भूमीत रुजवायचे. एडवर्ड विल्सन हा या चळवळीचा मोठा प्रवर्तक. तो 'द आर्गस' या बड्या वृत्तपत्राशी संबंधित होता, म्हणजे प्रचाराची सोय घरचीच. त्या काळात हे वेडेपणाचं नव्हे, प्रगतीचं लक्षण मानलं जाई. पॅरिस-लंडनमध्येही अशा संस्था होत्या. सोन्याच्या शोधामुळे व्हिक्टोरियात पैसा आला होता, माणसं आली होती, आणि त्या माणसांना सकाळी उठल्यावर ओळखीचा आवाज ऐकायचा होता. ऑस्ट्रेलियातले पक्षी रंगीत असतील पण गात नाहीत, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. मग इंग्लंडहून चिमण्या आणा, ब्लॅकबर्ड आणा, स्टारलिंग आणा. संस्थेला मेलबर्नच्या रॉयल पार्कमध्ये जागा मिळाली. तिथेच पुढे मेलबर्नचं प्राणिसंग्रहालय उभं राहिलं.

साळुंकी मात्र गाण्यासाठी आणलेली नाही. ती आणली कामाला. १८६० च्या दशकात मेलबर्नच्या आसपासच्या भाजी-मळ्यांवर किडींनी उच्छाद मांडला होता, आणि साळुंकीची किडे खाण्याची ख्याती मोठी. तिच्या शास्त्रीय नावाचा, 'ॲक्रिडोथेरेस'चा, अर्थच टोळांची शिकारी. याआधी अठराव्या शतकात फ्रेंचांनी टोळांवर उपाय म्हणून भारतातून साळुंक्या मॉरिशसला नेल्या होत्या. म्हणजे मॉरिशसच्या उसात राबायला मराठी मजूर पोहोचायच्या सत्तर-ऐंशी वर्षं आधी मराठी मुलखात दिसणारा पक्षी तिथे कामावर रुजू झाला होता. १८८३ मध्ये क्वीन्सलँडच्या उसाच्या शेतांसाठीही मेलबर्नहून साळुंक्या उत्तरेला नेण्यात आल्या. ऊस, किडे, आणि बाहेरून आणलेले कष्टकरी. एकोणिसाव्या शतकातल्या साम्राज्याचा हा ठरलेला फॉर्म्युला होता. त्यात माणूस आणि पक्षी असा फार भेद केला जात नव्हता.

किडे तिने खाल्ले असतील, पण त्यात तिला फार रस नव्हता. तिला फळं आवडली, उष्टं आवडलं, कौलांखालच्या फटी आवडल्या. माणूस जिथे जाईल तिथे ती जाते. जंगलात ती आपणहून फारशी शिरत नाही. जिथे झाडं तोडून रस्ता, गोठा, पेट्रोल पंप झाला, तिथे ती हजर.

सोसायटीच्या काळातलं सगळ्यात महाग पडलेलं आयात पार्सल वेगळंच होतं. १८५९ च्या नाताळात टॉमस ऑस्टिन या जमीनदाराकडे व्हिक्टोरियातल्या बार्वन पार्क इस्टेटीवर इंग्लंडहून चोवीस ससे आले. शिकारीची हौस, दुसरं काही नाही. पन्नास वर्षांत ससे खंडभर पसरले. २०२२ मध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिलं, की आजच्या ऑस्ट्रेलियन सशांचा बहुतांश वंश त्या एका पार्सलपर्यंत जातो. पण त्या सशाला कोणी 'इंग्लिश रॅबिट' म्हणून हिणवत नाही. नुसता रॅबिट. चिमणीलाही 'इंग्लिश' म्हणायची सक्ती नाही. कोणत्या पाहुण्याच्या नावापुढे देश लावायचा आणि कोणाच्या नाही, याला तर्क नसतो, सवय असते. आणि सवयीलाही इतिहास असतो.

त्या इतिहासातलं एक वर्ष १९०१. त्या वर्षी सहा वसाहतींचा मिळून ऑस्ट्रेलिया नावाचा देश झाला. त्याच वर्षी रॉयल ऑस्ट्रलेशियन ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनची स्थापना झाली (रॉयल हे बिरुद नंतर लागलं), 'एमू' हे पक्षिशास्त्राचं नियतकालिक सुरू झालं. आणि त्याच वर्षी नव्या संसदेने इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन ॲक्ट केला, ज्याला पुढे 'व्हाइट ऑस्ट्रेलिया पॉलिसी' म्हणून जग ओळखू लागलं. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. फक्त अशी तरतूद होती, की बंदरावर उतरणाऱ्याला अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा लिहून दाखवायला सांगू शकतो. कुठली भाषा, हे अधिकारी ठरवणार. १९३४ मध्ये एगॉन किश या बहुभाषी युरोपीय लेखकाला राजकीय कारणाने अडवायचं होतं, तर त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा दिली. नापास होणं गृहीतच होतं. ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती. वर्णाची अट पूर्णपणे गेली १९७३ मध्ये. मैत्रिणीचे आजोबा तरुण असताना इथे यायला निघाले असते, तर साळुंकीपेक्षा त्यांना प्रवेश अवघड होता.

हे विधेयक संसदेत हिरिरीने मांडणाऱ्यांत ॲटर्नी-जनरल होते आल्फ्रेड डीकिन. पुढे ते तीनदा पंतप्रधान झाले. या माणसापाशी मी बरेच दिवस अडकून पडले होते, कारण तो सरळ खलनायक नाही. १८९० च्या सुमारास तो हिंदुस्तानात हिंडला होता. इथले कालवे, बंधारे, पाटबंधारे बघून १८९३ साली त्याने 'इरिगेटेड इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं, देवळांवर आणि थडग्यांवर दुसरं लिहिलं. भारतीय धर्मविचारात त्याला खरा रस होता. आणि त्याच माणसाने १९०१ च्या भाषणात जपानी लोकांविषयी एक विलक्षण प्रामाणिक युक्तिवाद केला. त्याचा आशय असा, की त्यांचे दुर्गुण नव्हेत, त्यांचे सद्गुण आपल्याला धोक्याचे आहेत : त्यांची न संपणारी ऊर्जा, कष्टाळूपणा, थोडक्यात भागवण्याची तयारी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा साळुंकीवरची माहितीपत्रकं आठवली. हुशार, चिवट, काहीही खाऊन राहते, कुठेही घर करते, म्हणूनच धोका.

आणि हाच डीकिन १९०९ साली गूल्ड लीग ऑफ बर्ड लव्हर्स या संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला. शाळकरी पोरांची संस्था. पक्षी मारणार नाही, अंडी चोरणार नाही अशी शपथ घ्यायची, बिल्ला मिळवायचा. पुढच्या अनेक पिढ्यांना ऑस्ट्रेलियात पक्ष्यांची गोडी लागली ती या लीगमुळे. आमच्या म्होरकीकडे लहानपणीचं लीगचं कार्ड अजून आहे. संस्थेचं नाव जॉन गूल्डवरून. तो आणि त्याची बायको एलिझाबेथ १८३८ मध्ये टास्मानियात उतरले, 'द बर्ड्स ऑफ ऑस्ट्रेलिया'चे सात खंड काढले, सहाशे चित्रं. सुरुवातीची कितीतरी चित्रं एलिझाबेथच्या हातची. ती १८४१ मध्ये बाळंतपणानंतर गेली, आणि वाचणाऱ्यांच्या तोंडी नाव राहिलं ते नवऱ्याचं. असो.

देश कोणाचा हे ठरवताना पक्ष्यांचा उपयोग होतो, इतकंच मला म्हणायचंय. 'आपले' पक्षी ओळखायला शिकवणं हा राष्ट्र घडवण्याचाच भाग होता. त्यात वाईट काही नाही. आपणही माळढोक वाचवा म्हणतो तेव्हा तेच करतो.

पण मग रीजंट हनीईटर कोणी संपवला? साळुंकीने?

नाही. म्होरकीने हे रविवारी सकाळी, गेनोलन क्रीकच्या पुलापाशी उभं राहून सांगितलं. थंडी कडाक्याची होती. गवतावर हिम पडलेलं, काकांनी मफलर आणि वर माकडटोपी घातलेली. रीजंटला हवा असतो मध, भरपूर मध, आणि तो सर्वांत जास्त मिळतो सुपीक सपाट जमिनीवर वाढलेल्या यलो बॉक्स, व्हाइट बॉक्स, मगा आयर्नबार्क या निलगिरीच्या जातींत. सुपीक सपाट जमीन माणसालाही हवी असते.

ही जमीन विराजुरी लोकांची. १८१३ मध्ये गोऱ्यांनी ब्लू माउंटन्स ओलांडायची वाट शोधली, आणि दहा वर्षांत मेंढ्यांचे कळप या बाजूला उतरले. विराजुरींनी लढा दिला. विंड्राडाइन हा त्यांचा नेता. १४ ऑगस्ट १८२४ रोजी गव्हर्नर ब्रिस्बेनने पर्वतांच्या पश्चिमेला मार्शल लॉ पुकारला. तो डिसेंबरपर्यंत होता, आणि त्या चार महिन्यांत किती माणसं मारली गेली याची कोणी वही ठेवली नाही. वर्षअखेरीस विंड्राडाइन आपल्या लोकांना घेऊन डोंगर ओलांडून चालत पॅरामाटाला गेला, तहासाठी. आज त्याच पॅरामाटाच्या आसपास सिडनीतले कितीतरी मराठी लोक राहतात, वडापाव मिळतो, गणपती बसतात. रस्त्यांना नावं गव्हर्नरांची आहेत.

त्यानंतर आला १८६१ चा कायदा, न्यू साउथ वेल्सचे रॉबर्टसन लँड ॲक्ट्स. चाळीस ते तीनशेवीस एकरांचा तुकडा निवडा, हप्त्याने पैसे भरा, तिथे राहा आणि जमीन 'सुधारा'. सुधारणा म्हणजे कुंपण, घर, आणि झाडं काढणं. हेतू चांगला होता, बड्या मेंढीवाल्यांच्या तावडीतून जमीन सामान्य माणसाला मिळावी हा. पण सामान्य माणसाच्या हातात कुऱ्हाड होती. मोठं झाड पाडायला कष्ट फार, म्हणून बुंध्याभोवती सालीचा एक पट्टा काढून टाकायचे. झाड उभ्याउभ्या वाळतं. जुन्या फोटोंत अशी पांढरी, निष्पर्ण झाडांची रानंच्या रानं दिसतात. बॉक्स-गमची ही गवताळ रानं आज पाच टक्क्यांहूनही कमी जागेत चांगल्या स्थितीत उरली आहेत.

उरलेल्या तुकड्यांत नवीन मालक आला, नॉइझी मायनर. नावाचा घोटाळा इथे सुरू होतो. हा दिसायला थोडा साळुंकीसारखा, पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळा डाग, पण जात वेगळी आणि अस्सल ऑस्ट्रेलियन. तोही हनीईटरच. सलग जंगलात त्याचं फारसं चालत नाही, पण विरळ झाडं आणि मोकळं गवत असलं की टोळीने राहतो आणि बाकी सगळ्या छोट्या पक्ष्यांना मारून हाकलतो. २०१४ मध्ये केंद्र सरकारने नॉइझी मायनरच्या दादागिरीची नोंद अधिकृतपणे वन्यजीवांवरचं गंभीर संकट म्हणून केली. म्हणजे घरचाच गुंड, आणि त्याला मोकळं रान करून दिलं ते माणसाने. म्होरकी म्हणाली, लोक दोघांत गोंधळतात, फोन करून सांगतात, तुमच्या इंडियन मायनाने माझ्या बागेतले छोटे पक्षी पळवले. जाऊन बघावं तर मायनर.

साळुंकी निर्दोष आहे असं नाही. कॅनबेरातल्या संशोधनात दिसलंय की ती वाढली तसे ढोलीत घरटी करणारे काही स्थानिक पक्षी कमी झाले. तिथे २००६ पासून लोक संघटितपणे साळुंक्यांना सापळ्यांत पकडून मारतात, त्यामागे अभ्यास आहे. ढोल्या आधीच कमी, कारण शंभर-दोनशे वर्षांची झाडं तोडली गेली, त्यात ही घुसते. मला मारणाऱ्यांचा राग येत नाही. पण २००५ च्या कौलात पहिला नंबर तिला मिळावा आणि ससे, कोल्हे, मेंढ्या मागे राहाव्यात, याचं कारण निसर्गशास्त्रात शोधून सापडेल असं मला वाटत नाही.

शनिवारची संध्याकाळ ग्लेन डेव्हिसला गेली. तिथे कधीकाळी दगडापासून तेल काढण्याचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची चणचण, म्हणून सरकारने पैसा ओतला, १९४० मध्ये उत्पादन सुरू, एक आख्खं गाव वसलं. १९५२ मध्ये परवडत नाही म्हणून बंद. कामगार खाणीत खालीच ठाण मांडून बसले होते, उपयोग झाला नाही. आता विटांचे सांगाडे उरलेत. काकांनी आयुष्यभर सूतगिरणीत नोकरी केली, ती गिरणीही बंद पडलेली. ते कुंपणापाशी बराच वेळ उभे होते, काही बोलले नाहीत.

नदीकाठी चालताना मात्र ते रंगात आले. केपर्टी नदीच्या काठाने रिव्हर शी-ओक नावाची उंच, सुयांसारख्या पानांची झाडं आहेत. "अगं, हे सुरूचं झाड की!" बरोबर होतं. कोकणच्या किनाऱ्यावरची सुरूची बनं, गणपतीपुळ्याला फोटोत मागे दिसतात ती, याच कुळातली. आपण साळुंकी पाठवली, बदल्यात सुरू आली, निलगिरी आली, सामाजिक वनीकरणात ऑस्ट्रेलियन बाभूळ आली. तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही म्हणून कोकणात लोक तिला शिव्या घालतात. मी म्होरकीला हे सांगितलं. ती मनापासून हसली आणि म्हणाली, "सॉरी."

या शी-ओकवर बांडगुळं होती. पानंही यजमान झाडासारखीच सुईदार, ओळखू न येणारी. रीजंट हनीईटर घरटं करायला आणि मध प्यायला या बांडगुळांवर येतो. मराठीत बांडगूळ ही शिवी आहे. फुकट खाणारा, बाहेरून येऊन चिकटलेला. चार्ल्स स्टर्ट विद्यापीठातल्या डेव्हिड वॉटसन यांनी एक धाडसी प्रयोग केला : काही रानांतून सगळी बांडगुळं काढून टाकली, शेजारची तशीच ठेवली. तीन वर्षांनी बांडगूळ काढलेल्या रानांतल्या पक्ष्यांच्या जाती चतुर्थांशाहून जास्त घटल्या होत्या. काकांना हे भाषांतर करून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आता शिवी बदलायला लागणार."

रीजंट आम्हाला दिसला नाही. दोन दिवसांत सत्तरेक जाती मोजल्या, डायमंड फायरटेल, हूडेड रॉबिन, पाचूच्या रंगाचे टर्क्वॉइज पॅरट. तो नाहीच. पण त्याला शोधण्याची रीत अजब होती. फ्रायरबर्ड ओरडला की म्होरकी थांबायची, वॉटलबर्ड ओरडला की थांबायची, आणि तो पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत पुढे जायची नाही. विचारलं तर म्हणाली, "तो रीजंट असू शकतो."

झालंय असं, की या पक्ष्यांचं गाणं उपजत नसतं. पिल्लू घरट्यात असताना बाप शांत असतो, म्हणून घरटं सोडल्यावर पिल्लाला इतर प्रौढ नरांकडून गाणं शिकावं लागतं. आता तीनशे पक्षी एवढ्या मोठ्या मुलखात पसरले, तर शिकवायला जातभाई भेटणार कुठे? २०२१ मध्ये रॉस क्रेट्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे १२ टक्के नर स्वतःच्या जातीचं गाणं अजिबात गात नव्हते. ते शेजारच्या फ्रायरबर्डचं, वॉटलबर्डचं गाणं गात होते. असं परकं गाणाऱ्या नरांना माद्या कमी मिळतात.

मैत्रिणीने हे ऐकताना लेकीकडे पाहिलं आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. ती पोर शनिवारच्या मराठी शाळेत जाते, आजोबा मराठीत विचारतात, ती इंग्रजीत उत्तर देते. पण पक्षी नामशेष होतोय आणि नऊ कोटी लोकांची मराठी नामशेष होत नाहीये. ही तुलना मोहात पाडणारी आहे, म्हणूनच मला ती नको वाटते.

गाण्याच्या इतिहासात एक वळण आणखी आहे आणि ते मला फार आवडतं. ऑस्ट्रेलियातले पक्षी गात नाहीत, असं सोसायटीवाल्यांना वाटत होतं ना? गेल्या चाळीसेक वर्षांत डीएनएच्या अभ्यासातून उलगडत गेलं, की जगातल्या सगळ्या गाणाऱ्या पक्ष्यांचं कूळ ऑस्ट्रेलियाच्या भूभागात उगम पावलं आणि इथून जगभर पसरलं. टिम लो या लेखकाचं २०१४ चं 'व्हेअर साँग बिगॅन' हे पुस्तक यावरच आहे. इंग्लंडचा नाइटिंगेल, आपला बुलबुल, दयाळ, चिमणी, सगळ्यांचे पूर्वज इथले. साळुंकीचेही. संस्कृत कथांत पोपटाबरोबर गोष्टी सांगत बसणारी सारिका कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हिशेबाने इथलीच माहेरवाशीण. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच टाकलं. कोणीतरी विचारलं, पुरावा काय.

रविवारी दुपारी ग्लेन ॲलिसच्या छोट्या सभागृहाबाहेर बसून आम्ही शेवटचे पराठे खाल्ले. २०१९ च्या ऑक्टोबरात वोलेमायच्या जंगलात वीज पडून गॉस्पर्स माउंटनचा वणवा लागला, पाच लाख हेक्टरांहून जास्त जळालं, तो या खोऱ्यापर्यंत आला होता. कड्यांवरच्या काही झाडांचे बुंधे अजून काळे आहेत. १९९० च्या दशकापासून स्वयंसेवकांनी इथे लाखाच्या घरात झाडं लावली आहेत. म्होरकीने बोट दाखवलेली काही तिच्या हातची होती, आता तिच्या दुप्पट-तिप्पट उंच.

मग तिने फोनवर सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. तिथे १९९५ पासून रीजंटची पैदास करतात आणि पिल्लं मोठी झाली की रानात सोडतात. पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं भलतंच गात होती, म्हणून आधी त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं. फार उपयोग झाला नाही. मग रानात जन्मलेले नर शिक्षक म्हणून आणले, आणि एका शिक्षकामागे पिल्लं कमी ठेवली, तसा फरक पडला. वर्ग लहान हवा, शिक्षक जिवंत हवा. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या म्होरकीला या निष्कर्षाचं अजिबात आश्चर्य वाटलं नव्हतं.

पण ही वर्षं चालू असतानाच रानातलं गाणं बदललं. ब्लू माउंटन्सच्या भागातलं जुनं, पूर्ण गाणं रानात ऐकू येईनासं झालं. उरलं त्याचं आखूड रूप, निम्म्या अक्षरांचं. जुनं पूर्ण गाणं आता गातात ते फक्त प्राणिसंग्रहालयातले पक्षी. तंजावरच्या घरांतून साडेतीनशे वर्षं जपलेली मराठी मी एकदा ऐकली होती, तिची मला आठवण झाली. मी ते बोलून दाखवलं नाही.

म्होरकीने दोन रेकॉर्डिंग लावली, आधी जुनं, मग आताचं. दोन्ही घशातल्या घशात केलेल्या किणकिणाटासारखी, दुसरं लवकर संपणारं. पोरीने तिच्या हातातून फोन घेतला, पुन्हा लावलं, कानाशी धरून तीनदा ऐकलं.

"मग सोडल्यावर," तिने आजोबांना विचारलं, मराठीत, थोडं अडखळत, "बाहेरच्यांना यांचं कळणार का?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रश्न इंग्रजीत करून म्होरकीला विचारला. ती म्हणाली, तेच तर बघायचंय, पुढच्या वर्षी काही सोडणार आहेत. आणि वहीत वेळ लिहून ती गाडीकडे निघाली.